कुंदाताई आणि सोबतीण

आमच्या लॅबमध्ये रक्त एकटं यायचं नाही. पेशंटची ट्यूब ज्या डब्यातून यायची त्याच डब्यात आणखी एक ट्यूब असायची. त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, पेशंटच्या नात्यात नसलेल्या एखाद्या धडधाकट माणसाचं काढलेलं रक्त. बहुतेक वेळा एखाद्या नर्सचं. दोन्ही ट्यूब एकाच बर्फाला टेकून, एकाच विमानातून, एकाच ट्रकमधून येत. आम्ही रक्तातली एन्झाइम तपासायचो, आणि एन्झाइम हा फार नाजूक प्रकार आहे. डबा उन्हात राहिला तर ते मरतं आणि यंत्रावरचा आकडा शून्याकडे घसरतो. मग तो आकडा आजाराने घसरला की उन्हाने, हे त्या दुसऱ्या ट्यूबवरून ठरवायचं. ती ठणठणीत आणि पेशंटची पडलेली, तर आजार. दोन्ही पडलेल्या, तर प्रवासात वाट लागली, रक्त नव्याने मागवा. कागदोपत्री त्या ट्यूबला ट्रॅव्हल कंट्रोल म्हणत. कुंदाताई तिला सोबतीण म्हणायच्या.

"सोबतीण कुठंय?" डबा उघडताना त्यांचा पहिला प्रश्न हा. तोही डबा टेबलावर यायच्या आधी. कुरियरचा ट्रक यायच्या वेळेला त्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या असत. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या जुलैच्या उन्हात, अंगात लॅबकोट, पायात पांढरे बूट, गळ्यात दोरीने अडकवलेला स्वयंपाकघरातला टायमर. ड्रायव्हर खाली उतरायच्या आत डबा हातात घ्यायच्या, झाकण उघडून बर्फाची पिशवी गालाला लावायच्या आणि गालाने निकाल द्यायच्या. "हा तासभर कुठेतरी थांबलाय." ड्रायव्हर हसून म्हणायचा, "मिस कुंडा, मी फक्त जेवलो." "जेव ना बाबा. पण सावलीत लाव ट्रक!" हे मराठीत. त्याला ते कळायचं.

मी हे लिहायला बसतो आणि उठतो. पाणी पितो, खिडकीशी जातो, परत येतो. कुंदाताईंबद्दल लिहायचं म्हणजे मजेमजेचं बरंच आहे, आणि ते सगळं लिहून झाल्यावर जे लिहायचंय ते लिहायला मन तयार होत नाही. पण आता होईल. व्हायला पाहिजे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा होतो. पुण्याच्या एका औषध कंपनीतून व्हिसावर आलेला, नवा शर्ट घातलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एन्झाइम किती आहे, हे मोजतो का आपण?"

"हो."

"नाही. ते काम किती करून राहिलं ते मोजतो. ऑफिसात शंभर लोक हजर असतात. काम किती होतं? ते वेगळं की नाही?"

त्या नागपूरच्या. अमेरिकेत येऊन तीसेक वर्षं झालेली, तरी 'करून राहिलं' गेलं नव्हतं. इंग्रजीतही त्यांचं नागपूर ऐकू यायचं. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी, पुढे इथली सगळी सर्टिफिकेटं, आणि आपल्याला लॅबमध्ये सगळ्यात जास्त कळतं याबद्दल स्वतःची पक्की खात्री. ती लपवायची गरज त्यांना कधी वाटली नाही. मीटिंगमध्ये डायरेक्टरला, ग्रेगला, त्या मध्येच थांबवायच्या. "नो, नो, ग्रेग, यू आर राँग, बट कंटिन्यू."

दुसरी त्यांची खोड म्हणजे माणसांचं मोजमाप. एन्झाइमचा वेग सुरुवातीला मोजतात, कारण पुढे त्याला मोडायला दिलेली साखर संपत येते, कचरा साठतो, आणि वेग मंदावतो. कुंदाताईंनी हाच नियम माणसांना लावला होता. "पहिल्या दोन मिनिटांत जो दिसतो तो खरा. मग सगळेच मंदावतात." नवीन माणूस आला की दोन मिनिटं बोलायच्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत टायमरकडे बघायच्या. माझा निकाल काय लागला होता ते मी कधी विचारलं नाही. आज विचारायची हिंमत नाही.

आणि त्या कधी बसायच्या नाहीत. लॅबमधलं त्यांचं स्टूल नव्यासारखं होतं. आमच्याकडे जेवायला आल्या तर ताट हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या. माझी लेक तेव्हा लहान होती. ती विचारायची, "कुंदा मावशी, व्हाय डोन्ट यू एव्हर सिट?" त्या म्हणायच्या, "बसलं की माणूस विचार करायला लागतं बेटा." माझी बायको, अनघा, आग्रह करकरून दमायची. तिने एकदा श्रीखंड केलं होतं. कुंदाताईंनी चव घेतली आणि विचारलं, "विरजण लावताना दूध किती गरम होतं?" अनघा म्हणाली, "अहो, बोट घालून बघितलं." "कोणतं बोट? बोटाबोटांत फरक असतो." दुसऱ्या दिवशी त्या अनघासाठी थर्मामीटर घेऊन आल्या. गिफ्ट रॅप केलेला.

आता त्यांच्या रक्ताची गोष्ट. लॅबला रोज एक निरोगी रक्त लागायचं, यंत्र ठीक चाललंय ना ते बघायला. ते आम्ही कर्मचारीच आळीपाळीने देत असू. कुंदाताईंनी हळूहळू ती पाळी एकटीकडे घेतली. त्यांचा आकडा कायम मधोमध. "माझं रक्त म्हणजे नॉर्मलची व्याख्या आहे," असं त्या खरंच म्हणायच्या, हसू न येता. एका सकाळी त्यांचा आकडा बराच खाली आला. आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मेगन नावाची टेक्नॉलॉजिस्ट हळूच म्हणाली, "मेबी शी शुड सी अ डॉक्टर." कुंदाताईंनी हातमोजे चढवले. यंत्रं एकामागून एक उघडत गेल्या. दुपारी त्यांना सापडलं. ट्यूब ज्या गरम पाण्यात ठेवतात त्याचा काटा सदतीस दाखवत होता आणि पाणी पस्तीसच्या आसपास होतं. त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट थांबवून पुन्हा करावे लागले. आपल्यातच काही बिघाड असेल, हे त्या बाईच्या मनाला शिवलंच नव्हतं. आणि नेमक्या त्याच बरोबर निघाल्या! संध्याकाळपर्यंत त्या लॅबभर मान ताठ करून फिरत होत्या.

अशा माणसावर मी साहेब झालो. मला मीटिंगमध्ये नीट बोलता यायचं, ईमेल सभ्य लिहिता यायच्या. त्यांना ते जमायचं नाही आणि जमवायचंही नव्हतं. त्यांनी मला शिकवलं आणि मी त्यांच्या वर्षाच्या कामाचा शेरा लिहायला लागलो. त्यावरून त्यांनी टोमणे मारले, रागावल्या मात्र नाहीत. "साहेब, जरा बाजूला व्हा, सेंट्रीफ्यूज उघडायचंय," एवढंच.

चार जुलैच्या लाँग वीकेंडच्या आधीचा शुक्रवार. दुपारची वेळ. गाडीत सामान भरून ठेवलेलं, आम्ही समुद्रावर जाणार होतो. किल्ली माझ्या हातात होती. कुंदाताईंनी हाक मारली.

"ये इकडे. काय दिसून राहिलं?"

दक्षिणेकडच्या एका छोट्या हॉस्पिटलातून आलेलं रक्त होतं, आठवड्याभराच्या बाळाचं. दुधातल्या साखरेचा एक भाग शरीरात पुढे मोडणारं जे एन्झाइम असतं, ते त्या बाळाला आहे की नाही, हा प्रश्न होता. नसेल तर आईचं दूधच त्याला विष. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत आकडा काठावर आला होता. तिथल्या डॉक्टरांना वाटलं, उन्हाळा आहे, नमुना तापला असेल. म्हणून दूध चालू ठेवून पक्की तपासणी आमच्याकडे पाठवली होती.

"दोन्ही खाली आहेत," मी म्हणालो. "डबा तापला. रिजेक्ट करा. मंगळवारी नवीन रक्त येईल."

"दोन्ही खाली. पण सारख्या खाली आहेत का? बाळाची जवळपास मेलेली. आणि सोबतीण बरोब्बर अर्ध्यावर."

"ऊन काय मोजूनमापून लागतं का कुंदाताई?"

"तेच तर म्हणून राहिले मी! ऊन असं अर्ध्यावर थांबत नाही. अर्ध्यावर थांबतं ते आईबापाकडून आलेलं." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "त्याच ट्यूबांमधून दुसरं एन्झाइम करून बघितलं मी. उन्हात आधी मरतं ते. ते दोघांचंही छान आहे. डबा तापलाच नाही."

मला समजलं. ज्याच्याकडे या आजाराचा बिघाड आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आलेला असतो, त्याचं एन्झाइम अर्ध्यावर चालतं. त्याला काही होत नाही, त्याला माहीतही नसतं. आणि असा माणूस नर्सेसच्या खोलीपेक्षा बाळाच्या घरातच सापडायची शक्यता खूप जास्त.

"ही सोबतीण घरातली आहे," कुंदाताई म्हणाल्या. "कुणीतरी गडबड केली."

आमचा नियम स्पष्ट होता. सोबतीण खाली असेल तर लॅबमधून आकडा बाहेर जायचा नाही. फोनवर नाही, तोंडी नाही. म्हणजे मंगळवारपर्यंत ते बाळ दर दोन तासांनी दूध पिणार.

मग त्यांनी असं काही केलं जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. मला विचारलं. "करू फोन?"

मी किल्लीशी चाळा करत होतो. म्हणालो, "करा. काही झालंच तर माझं नाव सांगा."

इतक्या सहज म्हणालो. लाँग वीकेंडला निघालेला माणूस उदार असतो.

त्यांनी फोन केला. सोबतीण बाळाच्या काकाची निघाली. नर्सची शिरच सापडेना, शिफ्ट संपत आलेली, तो तिथेच उभा होता, म्हणाला माझं घ्या. दूध त्याच दुपारी बंद झालं. बाळ सकाळपासून उलट्या करत होतं, डोळे पिवळे व्हायला लागले होते. मंगळवारचं नवीन रक्त आलं, कुंदाताईंचं म्हणणं खरं ठरलं. ते मूल आज शाळेत जात असेल.

पण त्या काकाने तक्रार केली. त्याच्या बायकोला दिवस गेलेले होते. तुझ्याही रक्तात हा बिघाड आहे, हे त्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, चार लोकांसमोर कळलं. कुणी त्याला विचारलं नव्हतं, कुठे सही घेतली नव्हती. त्याचंही काही चुकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या वकिलाचं पत्र आलं आणि ग्रेगने चौकशी लावली.

खोलीत ग्रेग, एचआरची एक बाई, नियम बघणारा एक माणूस, कुंदाताई आणि मी. कुंदाताईंना नाइलाजाने बसावं लागलं होतं. एचआरच्या बाईने विचारलं, नियम मोडायची परवानगी कुणी दिली होती का?

कुंदाताई लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इट वॉज माय डिसिजन."

ग्रेगने माझ्याकडे बघितलं. "तुला काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "नो."

माझं ग्रीन कार्ड या लॅबच्या हातात अडकलेलं होतं. अनघाला नोकरीची परवानगी नव्हती, घर नुकतंच घेतलेलं. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली आहेत की ती आता गुळगुळीत झाली आहेत. कारणं खरी आहेत. पण त्या खोलीत माझ्या मनात त्यांतलं काहीच नव्हतं. मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, आता कुंदाताई माझं नाव घेतील आणि मी म्हणेन, हो. तेवढं म्हणायला मी तयार होतो. त्यांनी नाव घेतलं नाही आणि मी नो म्हणालो, आणि खुर्च्या सरकल्या, सगळे उठले.

त्यांना टेस्टिंगवरून काढलं. डबे, बर्फाच्या पिशव्या, रिकाम्या ट्यूब यांचा साठा बघण्याच्या टेबलावर बसवलं. हो, बसवलं. यंत्रांना हात लावायचा नाही.

याहून वाईट पुढे होतं. आमच्याकडे दरवर्षी सगळ्यांसाठी नियमांचं ट्रेनिंग असतं आणि ते मी घेतो. त्यात हा प्रसंग उदाहरण म्हणून आला. नाव न घेता. 'एका सीनियर टेक्नॉलॉजिस्टने, कुणालाही न विचारता...' हे वाक्य मी दरवर्षी माझ्या तोंडाने म्हणत आलो. नवी मुलं मान हलवायची. कुंदाताई मागे भिंतीला टेकून उभ्या असायच्या, कारण हजेरी सक्तीची होती. मी स्लाइड पटकन पुढे ढकलायचो. ट्रेनिंग संपलं की त्या माझ्या शेजारून जायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, माइक खरखरतो. बदलून घ्या."

ग्रीन कार्ड आलं. मग नागरिकत्वही. कारणं संपली, वाक्य चालूच राहिलं.

यंदा त्या रिटायर झाल्या. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला. घर विकलं आणि त्याच्याकडे जायचं ठरलं. मी शनिवारी त्यांच्याकडे गेलो. एप्रिल होता, पाइनच्या परागांनी गाड्या, पायऱ्या, टपालपेट्या सगळं पिवळं झालेलं. त्या गॅरेजमध्ये खोक्यांच्या मध्ये उभ्या राहून टेप फाडत होत्या.

मी म्हणालो, "कुंदाताई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हणालो होतो. आणि नंतर मी..."

"धर हे टोक," त्या म्हणाल्या. मी टेपचं टोक धरलं.

"मी खोटं बोललो."

"खोटं कुठे बोललास? गप्प बसलास. खोटं बोलला असतास तर मला भांडता आलं असतं." त्यांनी टेप दाबून बसवली. "गप्प माणसाशी कसं भांडायचं, सांग ना. किती वेळा मनात सुरुवात केली. समोरून काही येतच नाही."

"सॉरी, कुंदाताई."

"मला काहून सांगून राहिला? मला तर माहीत आहे. मी होते तिथे." मग पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "टेबलावर बसवलं त्याचं मला काही नाही. नियम मोडलाच होता मी. त्या काकाचं मी वाईटच केलं, ते मी विसरत नाही. पण कुणालाही न विचारता? मी विचारलं होतं रे! आयुष्यात एकदा मी कुणाला तरी विचारलं होतं!"

पुढच्याच आठवड्यात ट्रेनिंग होतं. मी ती स्लाइड लावली, वाक्य अर्ध्यात सोडलं आणि जे झालं होतं ते सांगितलं. फार बरं सांगितलं नाही. पण कुंदाताईंचं नाव घेतलं आणि माझंही घेतलं. ग्रेग शेवटच्या रांगेत होता. पुढे माझं काय करायचं ते अजून ठरायचंय. एचआरची ईमेल आली आहे, वकिलाशी बोलून कळवू म्हणून. झोप येत नाही, पण ती आधीही येत नव्हती.

रविवारी सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. मुलगा सामान घेऊन पुढे गेला होता. गाडी सुरू झाल्यावर मी म्हणालो, "सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. हात मांडीवर ठेवलेले, पण बोटं चालू. मग म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांग."

मी सांगितलं. कोण कुठे बसलं होतं, मी कुठे थांबलो, कुणी खाली बघितलं. एक नवीन मुलगी हात वर करून म्हणाली होती, "सो शी डिड आस्क?" ते सांगितलं तेव्हा कुंदाताई एकदम माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणाली? परत सांग."

"सो शी डिड आस्क."

"आणि तू?"

"मी म्हणालो, यस. मला."

"मेगन होती?"

"होती. रडत होती थोडीशी."

"ती कशालाही रडते. ग्रेग?"

"चष्मा काढून पुसत बसला."

"हं." एक एक्झिट गेली. "परत सांग. ती नवीन मुलगी हात वर करते तिथपासून."

आय-फॉर्टी हायवेवर मी ते पुन्हा सांगितलं. विमानतळाच्या वळणावर तिसऱ्यांदा सांगितलं. त्या प्रत्येक वेळी एखादा नवीन तपशील काढायच्या, खिडकी उघडी होती का, स्लाइड बंद केलीस की तशीच होती. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा मागतं तसं त्यांचं चाललं होतं, आणि मला सांगताना गाडी नीट चालवता येत नव्हती.

दारापाशी गाडी थांबवली. बॅग काढून दिली. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी तेव्हा विचारलं. मागच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

"कुंदाताई, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? मी तर म्हणालो होतो घ्या म्हणून."

त्या बॅगेचा दांडा वर ओढत होत्या. यंत्रावरचा आकडा वाचून दाखवावा तितक्या साधेपणाने म्हणाल्या, "मला वाटलं, तू घेशील."

आणि निघाल्या. सरकतं दार उघडलं, मिटलं. पोलिसाने माझ्या गाडीकडे बघून शिट्टी मारली. मी आत बसलो, पण गाडी हलवली नाही. दार पुन्हा उघडलं तेव्हा त्या मला दिसल्या. चुकीच्या रांगेत शिरल्या होत्या, बाहेर पडून दुसऱ्या रांगेकडे भराभर चालल्या होत्या, बॅग मागे आपटत. रांगेतल्या एका उंच माणसाला त्यांनी खांद्यावर टिचकी मारली आणि हाताने खूण केली, पुढे सरका, जागा आहे. तो सरकला. मग दार मिटलं.